रिकाम्या जागेची कुळकथा

विजेचा दिवा काडी ओढून पेटवावा लागे, असे सांगितले तर आजच्या वाचकास तो विनोद वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोटिंगेन येथे वॉल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने जो दिवा सिद्ध केला, त्याची रीत नेमकी अशीच होती. सुमारे 85 भाग झिर्कोनिया आणि 15 भाग यिट्रिया, म्हणजे झिर्कोनियम व यिट्रियम या धातूंची ऑक्साइडे, यांच्या मिश्रणाची ती एक बारीक, पांढरी, चिनीमातीसारखी कांडी. थंड असता ती विजेला तिळमात्र वाट देत नसे, पण ज्योतीने तिला ऊब दिली की तिच्यातून प्रवाह सुरू होई आणि मग स्वतःच्याच उष्णतेने ती झळाळत राही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे मोठ्या डौलाने मिरवले, आणि धातूच्या तारेचे दिवे येताच काही वर्षांत अस्तंगतही झाले. दिवा विझला, पण मागे एक प्रश्न ठेवून गेला: शुद्ध झिर्कोनिया जे काम धडपणे करीत नाही, ते त्यात परकी माती मिसळताच का होऊ लागावे?

उत्तर मिळण्यास 1943 साल उजाडले. कार्ल वॅग्नर यांनी दाखवून दिले की, प्रवाह वाहून नेतात ते ऑक्सिजनचे आयन, म्हणजे भारित अणू, आणि त्यांना सरकण्यास जागा मिळते ती स्फटिकात राहून गेलेल्या रिकाम्या घरांमुळे. ही घरे रिकामी पडतात ती मात्र भेसळीमुळे. आपल्याकडे ‘भेसळ’ या शब्दाला दुधातल्या पाण्यापासून जी अपकीर्ती चिकटली आहे, तिची या दफ्तरी कोठेच नोंद नाही. येथे भेसळ हाच कारभाराचा पाया आहे.

हा जमाखर्च एकदा जवळून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी बेरियम झिर्कोनेट हा पदार्थ घेऊ. उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाला 1839 साली गुस्टाव रोझे यांनी पेरोव्हस्की नावाच्या रशियन अमीराच्या सन्मानार्थ ‘पेरोव्हस्काइट’ हे नाव दिले. बेरियम झिर्कोनेटची घडण त्याच घराण्यातली. त्यात दहा बेरियम आणि दहा झिर्कोनियम असतील, तर ऑक्सिजन तीस असतात, आणि धन व ऋण भारांचा ताळेबंद काटेकोर जुळतो. आता दहांपैकी दोन झिर्कोनियम काढून त्यांच्या जागी दोन यिट्रियम बसवा. झिर्कोनियमपाशी चार धनभार, यिट्रियमपाशी तीनच. म्हणजे जमेच्या बाजूस दोन भारांची तूट आली. स्फटिक ही बाकी थकवून ठेवू शकत नाही. दोन ऋणभार वाहणारा एक ऑक्सिजन रजा घेतो, तिसांचे एकोणतीस होतात, आणि त्याचे घर रिकामे पडते. पुढे या तापलेल्या स्फटिकाशी पाण्याची वाफ आली की तिचा एक रेणू त्या घरात शिरतो: ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला एक हायड्रोजन तेथेच मुक्काम करतात, उरलेला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनपाशी जातो. ऑक्सिजन पुन्हा तीस झाले, आणि पदरात दोन प्रोटॉन, म्हणजे धनभारित हायड्रोजन, पडले. दोन यिट्रियम, एक रिकामे घर, एक पाण्याचा रेणू, दोन प्रोटॉन: सारा हिशेब एवढाच आहे, आणि रासायनिक घडणीचा संवाहकतेवर परिणाम होतो तो मुख्यतः याच खातेवहीच्या मार्गाने होतो.

हे प्रोटॉन धावत नाहीत, हातोहात पुढे जातात. एका ऑक्सिजनभोवती फिरावे, संधी मिळताच शेजारच्या ऑक्सिजनवर उडी घ्यावी, ही त्यांची वहिवाट. पाण्याच्या बाबतीत अशा हस्तांतराची कल्पना थिओडोर ग्रोटुस याने 1806 सालीच मांडली होती. घन मातीच्या पदार्थात ती प्रत्यक्ष उतरली ती जपानात. 1981 साली हिरोयासु इवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्राँशियम सिरेटमध्ये सीरियमच्या जागी थोडासा यिटर्बियम घातला, त्या पदार्थाच्या भाजलेल्या वडीच्या एका अंगास वाफ दिली, वीज सोडली, आणि दुसऱ्या अंगास हायड्रोजन निघाला.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. नेर्न्स्टच्या कांडीतले यिट्रियम आणि इवाहारांच्या वडीतले यिटर्बियम ही दोन्ही नावे स्टॉकहोमनजीकच्या इटर्बी या एकाच खेड्याची, जेथील खाणीतून चिनीमातीच्या भांड्यांसाठी फेल्डस्पार काढीत. 1787 मध्ये तेथे एक जड काळा दगड सापडला, 1794 मध्ये योहान गॅडोलिन यांनी त्यातून एक नवी मृत्तिका वेगळी केली, आणि भांड्यांच्या मातीची खाण अशी या साऱ्या वंशाचे आजोळ ठरली.

मात्र घटक निवडणे हे केवळ बेरीज-वजाबाकीचे काम नव्हे. बेरियम सिरेट वीज वाहण्यात तरबेज, पण कार्बन डायॉक्साइड भेटताच त्याचा बेरियम कार्बोनेट होऊन घर मोडते. बेरियम झिर्कोनेट त्या माऱ्याला टिकते, पण भाजण्यास अत्यंत हट्टी. म्हणून दोघांचा समझोता करण्यात आला; 2009 साली अमेरिकेत मेइलिन लिउ यांच्या गटाने झिर्कोनियम 1, सीरियम 7, यिट्रियम 1 आणि यिटर्बियम 1 अशा वाटणीचा पदार्थ पुढे आणला. भेसळीचा घटक कोणता, यातही आकार पाहून निकाल देण्याची चूक होऊ शकते. स्कँडियमचा आयन झिर्कोनियमशी मापाने जवळजवळ जुळतो, यिट्रियमचा बराच थोराड; तरीही श्टुटगार्टच्या क्रॉयर या संशोधकाच्या प्रयोगांत यिट्रियम घातलेल्या पदार्थातच प्रोटॉन अधिक मोकळे फिरले, कारण यिट्रियमने आपल्या सभोवतीच्या ऑक्सिजनच्या आम्ल-आम्लारी स्वभावास फारसा धक्का लावला नाही. पाहुण्याचा अंगरखा घराला साजतो की नाही, यापेक्षा तो शेजाऱ्यांशी कसा वागतो, हे येथे महत्त्वाचे ठरले.

शेवटी अडचण राहते ती हद्दींची. स्फटिकाच्या एका कणात प्रोटॉन सहज चालतो, परंतु कणाकणांच्या सीमेवर जणू नाका बसवलेला असतो. बेरियम झिर्कोनेटची वडी घट्ट व्हावी, कण मोठे व्हावेत, म्हणजे अशा सीमा कमी पडाव्यात, यासाठी 1600 ते 1700 अंशांची भट्टी लागते, आणि त्या उष्णतेत बेरियम वाफ होऊन निसटतो. ही नवी तूट आपण मागितलेली नसते, तिच्यापासून प्रोटॉन मिळत नाहीत, उलट संवाहकता घटते. यिट्रियमने पाडलेली उणीव हिशेबाची, बेरियमने पाडलेली उणीव चोरीची. म्हणून भाजणारा कारागीर वडीभोवती त्याच रचनेची भुकटी पसरतो. भट्टीच्या झळीत जो बेरियम जायचा असेल तो आधी त्या भुकटीतून जातो, आणि तिच्या पोटात दडलेली वडी आपल्या ठरवून दिलेल्या तेवढ्याच रिकाम्या जागा घेऊन बाहेर येते.