छायेचें गणित व छायेचें मुद्रण

चाळीसगांवाजवळील पाटण येथील भवानीच्या देवळांतील, डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणलेला शके ११२८ (इ. स. १२०७) चा शिलालेख संशोधकांच्या परिचयाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू व यादवराज सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला व त्यास निकुंभवंशीय सोइदेवानें श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणसमयीं दान दिलें, असें त्यांत सांगितलें आहे. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीचीच छाया; तेव्हां खानदेशांतील हें विद्यादान छायेच्या साक्षीनें झालें. त्या ग्रंथांपैकीं लीलावतींत ‘छायाव्यवहार’ असें स्वतंत्र प्रकरण असून, बारा अंगुळें शंकूच्या छायेवरून उंची व अंतर काढण्याची रीत तींत दिली आहे.

गणितानें छायेचें माप हातीं आलें. खुद्द छाया मात्र सूर्याबरोबर निघून जाई. ती कागदावर ठेवण्याची युक्ति युरोपांत निघाली. फॉक्स टालबट यानें १८३९ सालीं पानांचे ठसे चांदीच्या क्षारांनीं, कॅमेऱ्यावांचून, घेऊन दाखविले. १८४२ सालीं सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें लोहक्षारांची रीत शोधली. त्या क्षारांनीं माखलेला कागद उन्हांत ठेविला म्हणजे ऊन लागलेला भाग निळा होतो, आणि छायेंतील क्षार पाण्यानें धुवून जाऊन तेथें पांढरी आकृति राहते. ॲना ॲटकिन्स या विदुषीनें १८४३ पासून समुद्रशेवाळांचे ठसे याच रीतीनें ग्रंथरूपानें काढिले.

निंबाच्या छायेचा ठसा याप्रमाणें घेऊं म्हटल्यास मात्र छायाव्यवहारच आडवा येतो. सूर्यबिंब सुमारें अर्ध्या अंशाचें असल्यामुळें अकरा फूट उंचीवरील पानाच्या छायेची कड सव्वा इंच पुसट होते. शिवाय दहा मिनिटांत सूर्य अडीच अंश चालून छाया जवळजवळ सहा इंच सरकते. म्हणून कागदास चिकटलेलें पानच रेखीव उमटतें. दूरच्या फांदीचें केवळ धूसर चित्र मिळतें. चित्रकारास तें प्रिय असेल, पुराव्याच्या कामीं तें निरुपयोगी होय.

संग्राहकांस या विषयाचें अगत्य आणखी एका कारणानें आहे. विहिरी, धरणें, इमारती यांचे जे निळे नकाशे जुन्या दप्तरांत सांपडतात, ते याच रीतीचे होत. पारदर्शक कागदावरील रेघांची छाया त्यांत पांढरी उमटली आहे. हा निळा रंग उजेडानें फिका पडतो व अंधारांत ठेविल्यास बराचसा परत येतो. परंतु चुना, सोडा, साबण यांसारख्या क्षारधर्मी पदार्थांनीं तो कायमचा जातो. यास्तव असे नकाशे चुना लावलेल्या भिंतीस टेंकून वा चुनामिश्रित कागदांत गुंडाळून ठेवूं नयेत. तसेंच, ठसा घेण्यासाठीं मूळ पोथी उन्हांत धरूं नये. कागदांतील जलचिन्ह किंवा शिक्क्याची आकृति आधीं पारदर्शक कागदावर उतरून घ्यावी व त्या उताऱ्यावरून ठसा काढावा. ठसा पुन्हा काढतां येतो, मूळ पान पुन्हा मिळत नाहीं.