मागची पाने

सहामाही परीक्षेच्या आधीची गोष्ट. सातवीच्या गणिताच्या वह्या तपासताना एका मुलाच्या वहीची मागची पाने उघडली. चौकोनी रकान्यांत एक इवलासा माणूस, त्याच्यापुढे जिने, वरून घरंगळत येणारे धोंडे, आणि कडेला नियम: तीनदा चिरडला की डाव संपला! मी वही काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, ‘‘सर, हा म्हणतो, मोठेपणी मी मोबाइलवरचे खेळ तयार करणार. त्यावर पोट भरते का हो?’’

मला उत्तर देता आले नाही. उत्तर येत नसेल तर मास्तराने निदान ते शोधावे. शोधता शोधता मी पुस्तकांच्या वाटेने थेट जपानातील क्योटोला जाऊन पोहोचलो.

क्योटोत १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी फुलांची चित्रे असलेले ‘हानाफुदा’ पत्ते बनवण्याचा धंदा काढला. तीच आजची निन्टेन्डो. पुढे १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण तेथे नोकरीस लागला. शिक्षण विजेच्या अभियांत्रिकीचे आणि काम पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे. त्याने स्वतःच्या करमणुकीखातर, लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक हात तयार केला. तो नेमका मालकांच्या, म्हणजे संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची यांच्या, दृष्टीस पडला. आता नोकरी गेली, असे कोणालाही वाटले असते! पण मालकांनी त्याचे विकण्याजोगे खेळणे करायला सांगितले. १९६६ साली ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. यंत्रे दुरुस्त करणारा माणूस खेळणी रचू लागला.

दुसरा तरुण शिगेरू मियामोतो. जन्म १९५२ चा, क्योटोजवळच्या सोनोबे गावचा. लहानपण रानात, गुहांत भटकण्यात आणि चित्रे काढण्यात गेले. कानाझावा येथे त्याने औद्योगिक चित्रकलेचे शिक्षण घेतले. वडिलांच्या ओळखीने यामाउचींची भेट झाली. तेथे त्याने आपण केलेल्या वस्तू दाखवल्या. त्यांत लहान मुलांच्या कपड्यांसाठी केलेले लाकडी हँगरही होते! १९७७ साली त्याला चित्रकाराची नोकरी मिळाली.

पुढे कंपनीवर संकट आले. नाण्यावर चालणाऱ्या ‘रडार स्कोप’ या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे अमेरिकेस पाठवली होती. पैकी दोन हजारांच्या आसपास गोदामात पडून राहिली. त्या यंत्रांसाठी नवा खेळ रचण्याचे काम या नवख्या चित्रकाराकडे आले आणि देखरेखीला योकोई होते. मियामोतोला संगणकाची भाषा येत नव्हती. ते काम दुसऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञांनी केले. पण गोष्ट त्याची होती. दांडगा वानर सुंदरीला पळवून उंचावर बसला आहे, वरून पिंपे लोटतो आहे आणि एक सुतार तिला सोडवायला चढतो आहे.

पडद्यावर ठिपके मोजकेच. एवढ्याशा चेहऱ्यावर तोंड उमटेना, म्हणून मिशी दिली. केस नीट जमेनात, म्हणून टोपी घातली. हलणारे हात अंगाहून वेगळे दिसावेत, म्हणून कामगाराचा पट्ट्यांचा पोशाख चढवला. हाच पुढचा जगप्रसिद्ध मारिओ! १९८१ साली ‘डाँकी काँग’ नावाने खेळ आला आणि पडून राहिलेली यंत्रे उठून कामाला लागली. १९८६ च्या ‘झेल्डा’च्या खेळात तर सोनोबेच्या गुहाच पडद्यावर अवतरल्या.

त्या वडिलांची शंका मात्र खोटी नव्हती. १९८३ साली अमेरिकेतील घरगुती खेळांचा बाजार असा कोसळला की कित्येक कंपन्या बुडाल्या. या धंद्यात चढ आहेत तसे कडेलोटही आहेत. म्हणून मी त्यांना सांगितले, ‘‘गणित सोडू देऊ नका. चित्रकला, संगीत, गोष्ट सांगणे, संगणक, यांपैकी एक विद्या त्याच्या हातात पक्की बसू द्या. आणि खेळ नुसते खेळू नकोस, छोटे का होईना, पुरे करून दाखव, असे त्याला सांगा.’’

ते म्हणाले, ‘‘पण सर, आमच्या पोराला तो जपानी मालक कुठे भेटायचा?’’

हा प्रश्न मला लागला. योकोईचा हात पाहून मालकांनी तो पुढे करायला सांगितला. मी वहीची मागची पाने पाहिली आणि वही जप्त केली! फरक मुलांत नव्हता, पाहणाऱ्यांत होता.

सुटी लागण्याआधी मी वही परत केली. म्हटले, ‘‘तिसऱ्या जिन्यावर धोंडा चुकवायला जागाच नाही रे. तेथे खेळणारा हरणारच.’’

त्याने क्षणभर पानाकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, तिथे भिंतीत एक देवडी करतो. पण आधी दिवाळीच्या किल्ल्यात करून बघतो. गोट्या सोडल्या की लगेच कळेल.’’

यंदा त्याच्या अंगणातला किल्ला पाहायला मी जाणार आहे.