सेवांचे मासिक माप : एसटी, अजिंठा आणि घाटीच्या आधारे

कारखाने, खाणी आणि वीजकेंद्रे यांनी महिन्याभरात किती उत्पादन केले हे औद्योगिक उत्पादन निर्देशांक सांगतो. तो आता दरमहा 28 तारखेला प्रसिद्ध होतो. देशाच्या एकूण मूल्यवृद्धीत निम्म्याहून अधिक वाटा सेवाक्षेत्राचा आहे, पण त्याची अधिकृत गणना दीर्घकाळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिमाही आकड्यांवरच भागवली गेली. खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक दरमहा येतो खरा. मात्र तो सुमारे 400 कंपन्यांना ‘काम वाढले, घटले की तेवढेच राहिले’ असे विचारून काढतात. 50 च्या वरचा आकडा वाढ दाखवतो; किती काम झाले हे त्यातून कळत नाही. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांच्या आधारे सेवा उत्पादन निर्देशांक घडवण्याचे काम हाती घेतले आहे. या कामात अडचण कुठे आहे, ते छत्रपती संभाजीनगरमधल्या तीन-चार सेवा पाहिल्या की स्पष्ट होते.

निर्देशांकाचे गणित सोपे आहे. प्रत्येक सेवेचे पायाभूत वर्षातील सरासरी मासिक उत्पादन 100 धरायचे, चालू महिन्याचे उत्पादन त्या प्रमाणात मांडायचे, त्याला त्या सेवेच्या मूल्यवृद्धीतील वाट्याचा भारांक लावायचा आणि बेरीज करायची. सारा प्रश्न ‘उत्पादन’ म्हणजे काय, हा आहे.

मध्यवर्ती बसस्थानकातून सुटणारी एसटी घ्या. तिचे उत्पादन म्हणजे प्रवासी-किलोमीटर, म्हणजे किती माणसे किती अंतर नेली. भाड्याचे उत्पन्न हे त्याचे माप म्हणून चालेल का? 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. सवलतीमुळे गर्दी वाढली, तरी वाहकाच्या पिशवीतली रोकड त्या प्रमाणात वाढणार नाही, कारण उरलेली रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते. पुढे 25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. तेवढेच प्रवासी तेवढ्याच टप्प्यांपर्यंत गेले, तरी उत्पन्न जवळपास 15 टक्क्यांनी फुगलेले दिसेल. पहिल्या प्रसंगी रोकड सेवेची वाढ झाकते, दुसऱ्या प्रसंगी नसलेली वाढ दाखवते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे उत्पन्नाला किमतीच्या निर्देशांकाने भागणे. पण कोणती किंमत? महिलेच्या हातून जाणारे भाडे निम्मे झाले, महामंडळाला मिळणारे झाले नाही. सरकारकडून येणारी भरपाई उत्पन्नात धरली तर किंमतही भरपाईसकटच धरावी लागते. अंश एका हिशेबाचा आणि छेद दुसऱ्या हिशेबाचा असेल, तर भागाकाराला अर्थ राहत नाही. एसटीच्या बाबतीत हा खटाटोप टाळता येतो. तिकीट मशीनमधून प्रत्येक प्रवाशाचा टप्पा आणि सवलतीचा प्रकार नोंदला जातो. मोफत प्रवाशालाही शून्य रकमेचे तिकीट मिळते. जिथे अशी मोजदाद हाताशी आहे तिथे पैशाकडून उत्पादनाकडे उलटे जाणे मला चुकीचे वाटते.

मोजदादीलाही तिची मर्यादा आहे. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात एसटीचा संप चालला. तेव्हा माणसांचा प्रवास थांबला नाही. बराचसा खासगी ट्रॅव्हल्स आणि काळी-पिवळीकडे गेला. फक्त एसटी मोजणारा निर्देशांक त्या महिन्यांत वाहतूक कोसळल्याचे सांगेल आणि संप मिटल्यावर विक्रमी वाढ दाखवेल. दोन्ही निष्कर्ष खोटे असतील. काळी-पिवळीवाल्याचे मासिक विवरणपत्र कुठे असते? 2023-24 च्या असंघटित उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणात शेतीबाहेरच्या अशा आस्थापनांची संख्या 7.34 कोटी निघाली. त्यांत व्यापार आणि इतर सेवांचा वाटा मोठा आहे.

करविवरणांची जाळी इथेच विरळ पडते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला 20 लाख रुपये उलाढालीची आहे. 5 कोटींपर्यंतच्या व्यावसायिकांना विवरणपत्र तिमाही भरण्याची मुभा आहे. रुग्णालय, शाळा, साधी एसटी यांच्या सेवा करमुक्त. शिवाय नोंदणी राज्यनिहाय असल्याने इथल्या बँकशाखेचे काम महाराष्ट्राच्या एकाच नोंदणीखाली जाते; त्यातून शहराचे चित्र वेगळे काढता येत नाही.

घाटी या सरकारी रुग्णालयाचा प्रश्न सगळ्यांत अवघड. तिथे सेवेला बाजारभाव नाही, म्हणून राष्ट्रीय हिशेबात अशा सेवा खर्चावरून मोजतात. ओपीडीत रुग्ण दुप्पट आले तरी पगाराचा खर्च तेवढाच राहतो आणि मोजमाप हलत नाही. मराठवाड्यातून येणाऱ्या गोरगरिबांवर झालेले उपचार हिशेबात दिसत नाहीत, ही तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही. बाह्यरुग्ण, दाखल रुग्ण, प्रसूती, शस्त्रक्रिया यांच्या नोंदी रोज होतात. प्रत्येकीला सरासरी खर्चाचा भारांक दिला तर बरे माप मिळेल.

कॅलेंडरही आकडे हलवते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. मार्च 2025 मध्ये पाच सोमवार होते, म्हणून अजिंठा 26 दिवस आणि वेरूळ 27 दिवस खुले राहिले. एप्रिलमध्ये पाच मंगळवार आले आणि वेरूळचे दिवस 25 वर उतरले. दिवाळी 2023 मध्ये नोव्हेंबरात होती, 2025 मध्ये ऑक्टोबरात. आणि मंगल कार्यालये? 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. अधिक मासात लग्ने होत नाहीत, त्यामुळे कार्यालय, केटरिंग, मंडप, बँड सगळ्यांचे काम एकदम बसते. इंग्रजी महिन्यांवर बेतलेली ऋतुमान-दुरुस्ती हे टिपत नाही. तिच्यात पंचांग वेगळे घालावे लागते.

वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत आणखी एक फेरबदल होतो. कारखान्याने स्वतःचे कँटीन कंत्राटदाराला दिले की तेच जेवण, तेच स्वयंपाकी उत्पादनक्षेत्रातून सेवाक्षेत्रात जमा होतात. अशी वाढ खरी समजू नये, यासाठी भारांक वेळेवर बदलावेत.

ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया यांनी मासिक सेवा निर्देशांक चालवून दाखवला आहे. आपणही करविवरणांतून सुरुवात करावी, पण त्यांवरच थांबू नये. एसटीच्या आगारांनी, घाटीने आणि पुरातत्त्व खात्याने आपल्या नोंदी दरमहा अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे द्याव्यात, संचालनालयाने त्या मागाव्यात, आणि तिकिटांची संख्या रकमेपासून वेगळी छापावी.