दिवसा संपादन, रात्री गेम: प्रोसेसर कोणता घ्यावा?

संगणक जुळवून घेणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे, ज्याला एकाच यंत्राकडून दोन कामे करून घ्यायची असतात. दिवसा लग्नसमारंभाच्या चित्रीकरणाचे संपादन, वास्तूच्या त्रिमितीय आराखड्याचे रेंडरिंग किंवा एखादा मोठा प्रोग्राम कम्पाइल करणे; आणि रात्री जेवणानंतर, त्याच टेबलावर, गेम. कामाचा संगणक वेगळा आणि खेळाचा वेगळा ही चैन सर्वांना परवडत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारालाही हे ठाऊक असते आणि तो हमखास यादीतला सर्वांत वरचा प्रोसेसर पुढे करतो.

या वर्गासाठी दोन्ही कंपन्यांनी २०२३ मध्ये आपापला मोहरा मैदानात उतरवला. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स३डी फेब्रुवारी २०२३ मध्ये ६९९ डॉलरला, तर इंटेलचा कोअर आय९-१४९००के त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५८९ डॉलरला दाखल झाला. दोघांचेही वारसदार आता बाजारात आहेत. तरीही ही तुलना शिळी झालेली नाही. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव उतरतो, शिल्लक माल सवलतीत निघतो आणि वापरलेले प्रोसेसर हातोहात फिरू लागतात. या दोघांपैकी एक तर असा आहे, की जो वापरलेला घेताना ग्राहकाने पुरेशी चौकशी केली नाही, तर आतून झिजलेला माल गळ्यात पडण्याची शक्यता आहे. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

कागदावर पाहिले तर दोघांची प्रकृती अगदी भिन्न आहे. ७९५०एक्स३डीमध्ये एकाच जातीचे १६ कोअर आणि ३२ थ्रेड आहेत. १४९००केमध्ये कोअर २४ असले तरी ते दोन जातींचे आहेत. ८ मोठे, वेगवान आणि १६ छोटे, काटकसरी. छोट्या कोअरना दुसरा थ्रेड नसल्यामुळे थ्रेडची बेरीज इथेही ३२ च होते. क्लॉक स्पीडच्या आकड्यात इंटेल पुढे आहे. त्याची कमाल गती ६ गिगाहर्ट्झ, तर एएमडीची ५.७. जाहिरातीत हाच आकडा ठळक छापला जात असे, आणि खरेदीदाराची दिशाभूल बहुधा इथूनच सुरू होते.

कॅशचे गणित

प्रोसेसरचा कोअर एका सेकंदात सुमारे पाच अब्ज ठोके घेतो. परंतु त्याला हवी असलेली माहिती रॅममध्ये असेल, तर ती हाती येईपर्यंत ७० ते ८० नॅनोसेकंद उलटतात. म्हणजे साडेतीनशे ते चारशे ठोके कोअर हात बांधून बसून राहतो. हीच माहिती प्रोसेसरच्या स्वतःच्या तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये सापडली, तर हा खोळंबा कित्येक पटींनी कमी होतो. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी हाताशी असणे आणि ती आणायला दर वेळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणे, इतका हा फरक आहे.

गेमचे दुखणे नेमके हेच असते. पडद्यावर सेकंदाला १४४ चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रत्येक पात्राची जागा, प्रत्येक वस्तूची टक्कर, प्रत्येक हालचालीचा परिणाम तपासायचा असतो. ही माहिती स्मृतीत इतस्ततः विखुरलेली असते आणि पुढे कोणता तुकडा लागेल याचा अंदाज प्रोसेसरला सहज बांधता येत नाही. अशा वेळी मोठी कॅश क्लॉक स्पीडला भारी पडते.

एएमडीने म्हणूनच कोअरच्या चिपवर ६४ मेगाबाइटची आणखी एक कॅश-चिप चढवली. एका मजल्यावर दुसरा मजला बांधावा तशी. १४९००केमध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३६ मेगाबाइट आहे. ७९५०एक्स३डीमध्ये ती १२८ मेगाबाइट आहे. फ्लाइट सिम्युलेटर, ‘फॅक्टोरिओ’सारखे कारखाना उभारण्याचे खेळ, मोटारशर्यतीची सिम्युलेशन यांत याचा लाभ स्पष्ट दिसतो. इतर अनेक खेळांत दोघे खांद्याला खांदा लावून चालतात, आणि काहींत क्लॉक स्पीडच्या जोरावर इंटेल पुढे सरकतो. हे सारे १०८० किंवा १४४० रेषांच्या पडद्याविषयी. ४के पडद्यावर खेळणाऱ्याचा बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावरच पडतो आणि तिथे या दोन प्रोसेसरांतला फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो.

मात्र एएमडीच्या या रचनेला एक खोच आहे. त्याचे १६ कोअर आठ-आठच्या दोन चिपांत विभागलेले आहेत आणि वरचा मजला फक्त एका चिपवर आहे. त्या चिपमधली उष्णता कॅशच्या थरातून बाहेर पडावी लागते. तिला व्होल्टेजही कमी द्यावे लागते; परिणामी तिचा वेग सुमारे सव्वापाच गिगाहर्ट्झवर थांबतो. ५.७ चा आकडा गाठते ती कॅश नसलेली दुसरी चिप. गेम चालू झाला हे ओळखून त्याला योग्य चिपवर ठेवणे आणि दुसरी तात्पुरती निजवणे, हे काम विंडोज, चिपसेटचा ड्रायव्हर आणि ‘एक्सबॉक्स गेम बार’ मिळून करतात. वास्तुविशारदाच्या कार्यालयीन यंत्रातही गेम बार जपून ठेवावा लागतो, हा त्यातला विनोद. अनावश्यक समजून तो काढून टाकला, किंवा जुन्या रायझनच्या जागी हा बसवून विंडोज तीच ठेवली, तर खेळ भलत्याच चिपवर जाऊन बसतो. मग पैसे मोजूनही वेग का मिळत नाही, हे कोडे सुटत नाही. विंडोज नव्याने टाकणे हा त्यावरचा सोपा उपाय.

कामाच्या टेबलावर

रेंडरिंगमध्ये चित्र उलगडते ते वेगळेच. ‘ब्लेंडर’सारख्या प्रणालीत प्रत्येक कोअर आपापला तुकडा घेऊन मुकाट्याने काम करत राहतो. तिथे अतिरिक्त कॅशचा फारसा उपयोग नाही. कोअरची संख्या आणि वेगच मोजला जातो. सर्व कोअर राबवणाऱ्या कामांत दोघे जवळपास बरोबरीत राहतात, आणि विजेचे बंधन सैल सोडले तर इंटेल थोडा पुढे जातो. मोठे प्रोग्राम कम्पाइल करतानाही फरक इतका थोडा, की त्यावर निर्णय घेऊ नये. वैज्ञानिक आकडेमोडीतील काही प्रणाली एव्हीएक्स-५१२ या आज्ञासंचाचा उपयोग करतात. तो एएमडीमध्ये आहे, १४९००केमध्ये नाही. ज्यांना तो लागतो त्यांना हे आधीच माहीत असते.

व्हिडिओ संपादकाने मात्र इथे थांबून विचार करावा. आजचे अनेक कॅमेरे १०-बिट ४:२:२ या प्रकारात, एचईव्हीसी पद्धतीने चित्रीकरण करतात. रंगसंस्करणाला हा प्रकार उत्तम. पण संपादन करताना तो उलगडणे जड जाते. इंटेलच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये ‘क्विक सिंक’ नावाची यंत्रणा आहे, ती हे काम हार्डवेअरमध्ये उरकते. ७९५०एक्स३डीच्या अंगभूत ग्राफिक्सला हा प्रकार उलगडता येत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांनाही येत नव्हता. २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेने ही उणीव भरून काढली. तेव्हा जुने कार्ड ठेवून अशा फिती कापणाऱ्याला टाइमलाइन अडखळत चालण्याचा मनस्ताप नको असेल, तर इंटेलची बाजू खरोखरच बळकट आहे. सर्व कोअरच्या चाचण्यांत ही गोष्ट दिसत नाही.

विजेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पूर्ण भाराखाली १४९००केची घोषित मर्यादा २५३ वॉट, तर ७९५०एक्स३डीची १६२ वॉट. गेम खेळतानाही एएमडीचा वापर साधारणपणे निम्म्याच्या आसपास राहतो. पैशांत मोजले तर हे अंतर मोठे नाही. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस पूर्ण भार धरला तरी फरक सुमारे १८ युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर १८० रुपये. खरी अडचण निराळीच. हे ९० वॉट अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरतात, आणि मे महिन्यात बंद खिडक्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते जाणवतात. शिवाय ४५० वॉटचे ग्राफिक्स कार्ड सोबतीला असेल, तर घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस वीज जाताच मान टाकतो. त्याची क्षमता बहुधा ३६० वॉटच असते.

सहा गिगाहर्ट्झची किंमत

आता आधी उल्लेखलेल्या झिजेविषयी. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांबाबत तक्रारी येऊ लागल्या. खेळ सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येई आणि खेळ बंद पडे. ग्राफिक्स कार्डात प्रत्यक्षात भरपूर मेमरी असे. संकुचित फाइल उघडताना चुका होत. असे काम करताना एक बिट जरी चुकला तरी तो तपासणीत लगेच पकडला जातो, म्हणून दोष तिथे प्रथम उघड झाला. कित्येकांनी या काळात निर्दोष ग्राफिक्स कार्डेच बदलून पाहिली.

आधी बोट मदरबोर्ड उत्पादकांकडे दाखवले गेले. ते अगदीच निराधार नव्हते, कारण अनेक बोर्ड मूळ सेटिंगमध्येच विजेची मर्यादा उठवून ठेवत असत. पण जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, की प्रोसेसरचा स्वतःचा मायक्रोकोडच काही वेळा गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ कारण सांगण्यात आले. कोअरमधील क्लॉकचा ठोका वाहून नेणारे एक सर्किट जादा व्होल्टेज व उष्णतेखाली अकाली वृद्ध होते. मग जे व्होल्टेज काल पुरत होते ते आज पुरत नाही, आणि यंत्र डळमळू लागते. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ अशा क्रमांकांच्या मायक्रोकोड सुधारणा आल्या. कंपनीने बाधित प्रोसेसरांची वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. तथापि या सुधारणा पुढची झीज रोखतात. झालेली झीज त्या भरून काढू शकत नाहीत.

एएमडीलाही तेव्हा धुतल्या तांदळासारखे म्हणता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये ७००० मालिकेतील काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच फुगले आणि जळाले. काही बोर्ड प्रोसेसरच्या एका विभागाला प्रमाणाबाहेर व्होल्टेज देत होते. बायोस सुधारणेतून १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. फरक एवढाच, की तिथला बाधित प्रोसेसर उघडपणे निकामी होतो. झिजलेला प्रोसेसर मात्र दुकानात सुरू होतो, विंडोज दाखवतो आणि घरी नेल्यावर दगा देतो.

मग घ्यावा कोणता?

मदरबोर्डाचा हिशोब यात मिळवला पाहिजे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर पुढच्या पिढीचा, मार्च २०२५ मध्ये आलेला ९९५०एक्स३डी बायोस सुधारून बसतो. त्यात कॅशचा थर कोअरच्या खाली गेल्यामुळे वेगावरचे बंधनही सैल झाले आहे. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट चौदाव्या पिढीबरोबर संपले. ऑक्टोबर २०२४ च्या कोअर अल्ट्रा ९ २८५केला नवा बोर्ड लागतो, आणि वीज वाचवणारा हा वारसदार आगमनाच्या वेळी बऱ्याच खेळांत १४९००केच्याच मागे पडला होता. मात्र एलजीए १७०० च्या काही बोर्डांवर डीडीआर४ मेमरी चालते, जी एएम५ वर चालतच नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या, त्यामुळे घरात ६४ गिगाबाइट डीडीआर४ पडून असलेल्याला हा मुद्दा किरकोळ वाटणार नाही.

एकाच यंत्रावर दोन्ही कामे करणाऱ्याने ७९५०एक्स३डी घ्यावा, असे आमचे मत आहे. तो कमी विजेत चालतो, खेळांत सहसा मागे राहत नाही आणि त्याच्या बोर्डाला भविष्य आहे. ज्याचे पोट ४:२:२ च्या फितींवर आहे आणि कार्ड बदलायचे नाही, त्याने १४९००के घेण्यास हरकत नाही. केवळ गेमच खेळायचे असतील तर दोन्ही विसरावेत. एकाच चिपचा, आठ कोअरचा ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ मध्ये ४४९ डॉलरला आला, आणि खेळांत तो थोरल्या भावाच्या बरोबरीने चालतो. कोणती चिप निजवायची हा प्रश्नही त्याला नाही.

१४९००के वापरलेला मिळत असेल तर मूळ बिल मागावे आणि पाच वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजावी. विक्रेत्यासमोरच बायोसमध्ये मायक्रोकोडचा क्रमांक पाहावा. तो ०एक्स१२बीपेक्षा जुना असेल, तर प्रोसेसर आजवर सुधारणेविनाच राबला असण्याची दाट शक्यता आहे. क्रमांक नवा असला तरी बायोस गेल्या आठवड्यात सुधारलेले असू शकते, म्हणून सुमारे ५० गिगाबाइटची एखादी संकुचित फाइल तिथेच दोन-तीनदा उघडून पाहावी. तिसऱ्या खेपेला चूक दाखवली, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.