वसईचा कोट आणि वसईचे लोक



आपला यवतमाळ जिल्हा समुद्रापासून शेंकडों मैल दूर. येथील काळ्या जमिनींतील कापूस मुंबई बंदरांतून परदेशीं गेला, एवढाच काय तो आपला सागराशीं जुना संबंध. तथापि मुंबईच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या मुखाशीं वसलेलें वसई हें नगर मराठी बोलणाऱ्या प्रत्येक कॅथलिकानें एकदां तरी पाहावें. ज्युबिलीच्या प्रसंगीं सहज मनांत येणाऱ्या एका प्रश्नाचें उत्तर तेथें मिळतें: मंदिर ढांसळलें आणि आश्रयदाता राजाही गेला, तर धर्मसभेचें काय उरतें?

वसईशेजारचें सोपारें हें फार प्राचीन बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तेथें सांपडले व १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील बौद्ध स्तूप उकरून काढला. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले, तेव्हां डोमिनिकन साधु जॉर्डन यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. वास्को द गामा हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं पावणेदोनशें वर्षांची ही गोष्ट होय.

१५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगिजांस दिली. त्यांनीं बांधलेल्या विस्तीर्ण कोटांत जमिनीकडील दरवाजानें शिरून सागरी दरवाजापर्यंत चालत जावें. वाटेंत संत योसेफाच्या मुख्य मंदिराचा मनोरा आणि डोमिनिकन, येशूसंघीय व फ्रान्सिस्कन मंदिरांचे अवशेष दृष्टीस पडतात. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरांत पायांखालीं थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. त्यांवरील सरदारांचीं नांवें आतां क्वचितच कोणी वाचतो.

परंतु याच नगरांत जन्मलेल्या एका मुलाचें नांव जगानें लक्षांत ठेविलें. गोन्सालो गार्सिया येथें येशूसंघीयांपाशीं शिकला, व्यापारानिमित्त जपानांत राहिला व पुढें फ्रान्सिस्कन धर्मबंधु झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यास क्रूसावर मारण्यांत आलें. १८६२ सालीं नववे पायस यांनीं त्यास संतपद दिलें. हिंदुस्थानचा तो पहिला संत.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं दीर्घ वेढ्यानंतर कोट जिंकला. त्या मोहिमेंत मिळालेली घंटा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आजही टांगलेली आहे. मराठी म्हणून आपणांस या पराक्रमाचा अभिमान वाटतो. ख्रिस्ती म्हणून ती घंटा पाहतांना मन क्षणभर हळवें होतें. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि एकीसाठीं दुसरी दडपण्याचें कारण नाहीं. पोर्तुगीज अमलांत हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं, हेंही सत्य आहे. तें झांकल्यानें धर्माची शोभा वाढत नाहीं.

पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्रीही गेले. १८०२ सालीं त्याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून मराठी राज्याचें स्वातंत्र्य गमावलें; पुढें इंग्रजही गेले. राहिले ते पापडी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी येथील शेतकरी व कोळी. गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनीं त्यांची सेवा केली. केळीच्या बागा शिंपीत, मासे धरीत, आपल्या मराठी बोलींत प्रार्थना म्हणत त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा जतन केली. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो त्यांच्याच जिवावर; कोटाचे दगड त्याच्या कामीं आले नाहींत.

ज्या धर्माला तटबंदीचा आधार होता, त्याचें तेथें भग्नावशेषांत रूपांतर झालें. जो घराघरांतून मातृभाषेंत रुजला, तो वाढला. आपल्या मंदिराची भिंत रंगवितांना आपण हें विसरूं नये. पुढील ज्युबिली साजरी करणारी माणसें आज आपल्याच घरांत, आईच्या मांडीवर, क्रूसाची खूण करावयास शिकत आहेत.