आपल्याकडचे ग्रंथकार

लेखक म्हणजे पुण्या-मुंबईचे, असा आपल्यापैकी पुष्कळ भगिनींचा समज असतो. देवघरात मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रंथकाराची पोथी असते, याची आठवण राहत नाही. ‘श्री गजानन विजय’चे एकवीस अध्याय आपण पारायणाला वाचतो, ते दासगणू महाराजांचे. हे पूर्वी पोलीस खात्यात शिपाई होते! १९६२ साली ते निवर्तले. उमरीजवळ गोरटे येथे त्यांचे वास्तव्य असे. समाधीही तेथेच आहे.

त्या काळी मराठीत लिहिणे सोपे नव्हते. निजामाच्या राज्यात सरकारदरबारी उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतूनच. मराठी टिकली ती जात्यावरच्या ओव्यांत, कीर्तनात, चातुर्मासातल्या पोथीत. यातली निम्मीअधिक कामगिरी बायकांची. इतिहासाच्या पुस्तकांत तिला दोन ओळीही मिळत नाहीत, हे येथे सांगून टाकते.

१९४८ साली निजामी गेली आणि १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नरहर कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतन शाळेत व पुढे या कॉलेजात शिकवीत. मनुस्मृती असो, नाट्यशास्त्र असो की शिवचरित्र, मोठ्या नावाला भिऊन त्यांनी आपले मत कधी गिळले नाही. ‘जागर’, ‘शिवरात्र’ ही पुस्तके त्याची साक्ष आहेत. नांदेडात राहूनच त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला विचार करावयास लावले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास.

पुढे १९८५ साली नांदेडला व २०२२ साली उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलने भरली. मांडव मोठे होते, गर्दीही झाली. पण मला त्याहून मोठी वाटते ती लातूर जिल्ह्यातल्या धनेगावची गोष्ट. ज्यांच्यावर जन्मतःच चोर म्हणून शिक्का बसे, त्या समाजातले लक्ष्मण गायकवाड. त्यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोथी ऐकणाऱ्या घरांना हे पुस्तक जड जाते. भूक, पोलिसांचा मार, गावाचा संशय, काहीच त्यात झाकलेले नाही. संशय घेणारी त्यातली माणसे तर फार ओळखीची वाटतात.

मंडळाच्या कपाटात पोथ्या पुष्कळ आहेत. येत्या वर्षी ‘उचल्या’ची एक प्रत घ्यावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे.