विक्रांत आपल्या तालुक्यात आली, पण टाकी होऊन

मंडळी, आपल्या संग्रामपूरला समुद्र नाही. खारं पाणी आहे, पण ते विहिरी-बोअरचं. तरी एक युद्धनौका आपल्याकडे येऊन पोचली आहे.

परवा बाजारात एक जुनी बजाज व्ही-१५ उभी दिसली. विक्रांत नौकेचा धातू वापरलाय, असं सांगून कंपनीनं २०१६ मध्ये ही गाडी आणली होती. गाडीवाल्या पोराला विचारलं, "विक्रांत म्हंजे काय, माहीत हाये का?" तो म्हणाला, "तो हिरो ना, काका?"

म्हणून हे लिहितोय.

विमानवाहू नौका म्हणजे समुद्रावरची धावपट्टी. आपली पहिली विक्रांत. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात 'हर्क्युलिस' नावानं ती बांधायला घेतली, पण युद्ध संपलं आणि ती अर्धवट पडून राहिली. १९५७ मध्ये भारतानं ती विकत घेतली. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये तिच्यावर तिरंगा चढला. नोव्हेंबरात ती मुंबईत आली आणि पुढच्याच महिन्यात गोवा मुक्तीच्या वेळी समुद्रात पहाऱ्यावर होती.

१९७१ ला तिचा एक बॉयलर खराब होता, पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरी तिला बंगालच्या उपसागरात उतरवलं. तिला शोधायला आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरपासून विक्रांतच्या सी-हॉक विमानांनी कॉक्स बझार, चितगाव इथली बंदरं आणि विमानतळ झोडपले. शत्रूचा समुद्राकडून पळायचा रस्ताच बंद झाला.

३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ ला तेही बंद. जहाज धोकादायक झालं, खर्च झेपत नाही, असं कारण दिलं गेलं. लोक कोर्टात गेले, काही उपयोग झाला नाही. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना ती भंगारात गेली. मुंबईच्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले.

यातून आपण शिकलो का? नाही. दुसरी नौका 'विराट' २०१७ ला निवृत्त झाली. सिंधुदुर्गाजवळ तिचं संग्रहालय करायला २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. प्रकल्प कागदावरच राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये विराट गुजरातच्या अलंगला तोडायला गेली.

तिकडे न्यूयॉर्कला 'इंट्रेपिड', सॅन दिएगोला 'मिडवे' आजही उभ्या आहेत. लोक तिकीट काढून बघतात, त्यातून खर्चालाही हातभार लागतो. जुनं जहाज सांभाळणं महाग असतं, हे खरंच. पण दोनपैकी एक तरी राखता आली असती.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत नौदलात आली. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेलं चिन्ह आलं. अभिमान आहेच. पण ज्या महाराष्ट्रानं आरमार उभारलं, त्याच महाराष्ट्रातून दोन्ही जहाजं भंगारात गेली, हेही पोरांना सांगायला पाहिजे.

तुमच्या गावचं कोणी विक्रांतवर किंवा विराटवर होतं का? त्यांच्या आठवणी कमेंटमध्ये लिहा. निदान तेवढं तरी राहील.